'ग्यावुर' : उच्चारणारे आणि ऐकणारे

प्रास्ताविक

हेटाळणीच्या शब्दाचा अभ्यास हा वाङ्मयसमीक्षेला फारसा रुचणारा विषय नाही. कोशकार अशा शब्दापुढे 'निंदाव्यंजक' अशी खूण करतो आणि पुढच्या नोंदीकडे वळतो. समीक्षक तो शब्द एखाद्या कलाकृतीत आला तर 'वातावरणनिर्मिती' म्हणून त्याची बोळवण करतो. तुर्की भाषेतील 'ग्यावुर' या शब्दाच्या बाबतीत हे दोन्ही घडले आहे. मुस्लिमेतर माणसासाठी, त्यातही प्रामुख्याने ख्रिस्ती माणसासाठी, ऑटोमन साम्राज्यात आणि पुढे तुर्की प्रजासत्ताकात वापरला गेलेला हा शब्द इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला लॉर्ड बायरनच्या १८१३ मधील 'द जाऊर' या दीर्घकवितेचे शीर्षक म्हणून माहीत असतो. तुर्कीतून इटालियन वळणाच्या वर्णलेखनात आणि तेथून इंग्रजीत असा प्रवास झाल्यामुळे त्याचा उच्चारही बदलला. तो कसा उच्चारावा याचा घोळ त्या काळीही होताच. जेन ऑस्टेनच्या 'पर्स्वेजन' या कादंबरीत काव्यप्रेमी कॅप्टन बेनविक आणि नायिका ॲन यांच्या संभाषणाचा तो एक विषय आहे. ज्या शब्दाने कोणाचा तरी दिवस नासत होता, तो समुद्रकिनाऱ्यावरच्या सुसंस्कृत गप्पांत उच्चाराची एक गंमत होऊन बसला होता.

या दोन टोकांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी प्रथम शब्दाची व्युत्पत्ती व व्यवहारातील वापर पाहून, नंतर बायरन आणि दियारबकीरचे आर्मेनियन लेखक मगर्दिच मार्गोस्यान यांच्या लेखनात हा शब्द कोणाच्या मुखी येतो आणि कोणाच्या कानी पडतो, याचा विचार केला आहे.

व्युत्पत्तीचा वाद

'ग्यावुर' हा शब्द अरबी 'काफिर'चा अपभ्रंश आहे, असा सर्वसाधारण समज आहे. अर्थाचे साम्य पाहता तो स्वाभाविकही वाटतो. 'काफिर'च्या मुळाशी असलेल्या 'क-फ-र' या धातूचा मूळ अर्थ 'झाकणे' असा आहे. सत्य झाकणारा, उपकार झाकणारा म्हणजे कृतघ्न, आणि त्यावरून श्रद्धा नाकारणारा, अशी अर्थाची वाटचाल झाली. बी मातीने झाकतो म्हणून शेतकऱ्यालाही याच धातूपासून बनलेला शब्द लागू होतो आणि कुराणात एके ठिकाणी तो त्या अर्थाने आलाही आहे. धर्मशास्त्रातील एवढी भारदस्त संज्ञा मुळात नांगरटीच्या जवळची असावी, ही भाषेची नेहमीची खोडी होय.

तथापि भाषाभ्यासकांचा कल दुसऱ्या व्युत्पत्तीकडे अधिक आहे. फारसीत 'गब्र' हा शब्द जरथुष्ट्री, म्हणजे अग्निपूजक, माणसासाठी मुस्लिम बहुसंख्याकांकडून वापरला जात असे. त्याचेच 'गौर' किंवा 'गव्र' हे बोलीरूप तुर्कीत 'ग्यावुर' झाले. 'गब्र' हा शब्द तरी कोठून आला, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते त्याच्या मुळाशी 'माणूस' या अर्थाचा अरमाईक शब्द आहे, तर काहींच्या मते तेथेही शेवटी 'काफिर'च आहे. म्हणजे एका वाटेने गेले तर शिवीच्या तळाशी केवळ 'माणूस' सापडतो आणि दुसऱ्या वाटेने गेले तर शिवीच सापडते.

या व्युत्पत्तीमुळे एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. हा शब्द प्रथम इराणातील एका पराभूत समाजासाठी होता आणि तुर्कांनी तो दुसऱ्या भूमीत, दुसऱ्या धर्माच्या माणसांवर चिकटवला. ज्यांनी अग्निमंदिर कधी पाहिले नव्हते, अशा ग्रीक व आर्मेनियन ख्रिस्त्यांना अग्निपूजकाचे नाव मिळाले. हेटाळणीच्या शब्दाला अचूकतेची गरज नसते. समोरचा 'आपला नाही' एवढे सांगून त्याचे काम भागते.

येथे महाराष्ट्राशी असलेला एक दुवा नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. इराणात ज्यांना 'गब्र' म्हटले जाई, त्यांचेच भाईबंद म्हणजे भारतातील पारशी. इस्फहानजवळच्या त्यांच्या वस्तीचे नावच 'गब्राबाद' होते. यझ्द आणि केरमान येथील जरथुष्ट्री समाजावर जिझियाचा बोजा आणि पेहरावापासून वाहनापर्यंत नाना बंधने होती. मुंबईच्या पारशी समाजाने १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला पाठवले. त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने जरथुष्ट्री प्रजेवरील जिझिया रद्द केला. मुंबईत शेठ, सर आणि बॅरोनेट म्हणवले जाणाऱ्या समाजाचेच लोक त्याच काळात यझ्दमध्ये 'गब्र' होते. शब्द माणसाच्या गुणावरून नव्हे तर त्याच्या भोवतालच्या सत्तेवरून ठरतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

'काफिर'च्या शाखेचाही एक अंश आपल्याकडे पोहोचला आहे. अरब व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतील लोकांना लावलेला हा शब्द पोर्तुगिजांनी 'काफ्रे' असा उचलला आणि गोव्यातील 'काफ्रेआल' या कोंबडीच्या पदार्थाच्या नावात तो आजही आहे. खाणाराला त्याची जाणीव नसते. दक्षिण आफ्रिकेत मात्र हाच शब्द कृष्णवर्णीयांसाठी इतका विखारी ठरला की, त्याचा उच्चार न्यायालयात दंडनीय मानला गेला.

दप्तरातील शब्द आणि रस्त्यावरील शब्द

ऑटोमन दप्तरात 'ग्यावुर' हा मुख्य शब्द नव्हता. तेथे 'झिम्मी' म्हणजे संरक्षित प्रजा, 'रेआया' म्हणजे करदाती प्रजा, किंवा 'काफिर'चे अनेकवचन 'केफेरे' असे शब्द येत. परंतु दप्तराची भाषा सौम्य होती, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे ठरेल. मुसलमान माणसाचा पुत्र 'बिन' या शब्दाने नोंदवला जाई, तर मुस्लिमेतराचा 'वेलेद-इ' या शब्दाने. मुसलमान एखाद्या गावी 'साकिन' असे, मुस्लिमेतर 'मुतेमेक्किन'. मुसलमान मरण पावला की 'मरहूम' होई, ख्रिस्ती मरण पावला की 'मुर्द'. यांपैकी एकही शब्द शिवी नाही. तरीही जन्मापासून मृत्यूपर्यंत लेखणी दोन प्रकारची माणसे वेगवेगळी ठेवत होती. रस्त्यावरचा 'ग्यावुर' हा या दप्तरी भेदाचाच मोठ्या आवाजातील उच्चार होता.

१८ फेब्रुवारी १८५६ रोजी सुलतान अब्दुलमजीद यांनी सुधारणांचे फर्मान काढले. धर्म, भाषा किंवा वंश यांवरून प्रजेच्या कोणत्याही वर्गाला कमी लेखणारे शब्द राजदप्तरातून कायमचे काढून टाकावेत आणि खाजगी व्यक्ती वा अधिकारी यांच्याकडून होणाऱ्या अवमानकारक शब्दांच्या वापराविरुद्ध कायदा अमलात आणावा, असे एक कलम त्यात होते. जनमानसात या कलमाचे रूपांतर 'यापुढे ग्यावुराला ग्यावुर म्हणायचे नाही' अशा एका वाक्यात झाले आणि तुर्कीत ते उपहासाने आजही बोलले जाते. हे वाक्य बारकाईने ऐकण्यासारखे आहे. त्यात बंदीही आहे आणि बंदी मोडणेही आहे. ज्याला ग्यावुर म्हणायचे नाही, तो ग्यावुरच आहे, हे त्यात गृहीत धरले आहे. समकालीन इतिहासकार अहमद जेवदेत पाशा यांनी त्या दिवसांतील मुस्लिम समाजाची कुरबुर नोंदवून ठेवली आहे. पूर्वजांनी रक्त सांडून मिळवलेला राज्यकर्त्या समाजाचा हक्क आज गेला, अशी भावना त्यामागे होती. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे : आपल्याला ज्यूंच्या पंक्तीला आणून बसवले म्हणून काही ग्रीकही नाराज होते. समानतेच्या फर्मानाने दुखावलेले लोक केवळ वरच्या पायरीवरच होते असे नाही.

या शब्दाचा रोख नेहमी मुस्लिमेतरांवरच राहिला असेही नाही. जानिसारी सैन्य १८२६ मध्ये मोडून काढणारे, पागोट्याच्या जागी फेज टोपी आणणारे आणि स्वतःची तसबीर सरकारी कचेऱ्यांत लावणारे सुलतान दुसरे महमूद यांना लोकांनी 'ग्यावुर पादिशहा' ठरवले. खलिफाच जर ग्यावुर होऊ शकतो, तर या शब्दाची सीमा धर्माची राहिली नाही, ती नवेपणाची झाली. पुढे यंत्रे व परदेशी वस्तू 'ग्यावुराचा शोध' म्हणून हिणवल्या गेल्या. ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी गजबजलेले स्मर्ना हे बंदर 'ग्यावुर इझमीर' झाले.

वाक्प्रचारांत हा शब्द अधिक खोल गेला. 'ग्यावुरी छळ' म्हणजे अकारण, निर्दय छळ. 'ग्यावुराच्या प्रेतासारखे' म्हणजे न उचलवणारे, जड. एखादी वस्तू 'ग्यावुर करणे' म्हणजे ती वाया घालवणे. 'ग्यावुरावर रागावून रोजा मोडणे' म्हणजे दुसऱ्यावरील रागाने स्वतःचेच नुकसान करून घेणे. निर्दयता, जडपणा, नासाडी हे सारे अर्थ एका समाजाच्या नावात जमा झाले. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. 'बेइमान' या शब्दात 'इमान' म्हणजे श्रद्धा आहे आणि मुळात तो 'श्रद्धाहीन' असाच आहे. मराठीत त्याचा धर्माशी संबंध पूर्णपणे सुटला, कोणताही समाज त्याचा धनी उरला नाही, म्हणून तो निरुपद्रवी झाला. 'ग्यावुर'चे तसे झाले नाही. वाक्प्रचार सामान्य झाले, पण ज्यांच्यावरून ते आले ती माणसे शेजारच्या गल्लीतच राहत होती.

ती माणसे कमी होत गेली, हा विसाव्या शतकाचा इतिहास आहे. १९१५ पासून आर्मेनियनांचे निर्वासन व संहार झाला. सप्टेंबर १९२२ मधील आगीत इझमीरचे ग्रीक व आर्मेनियन मोहल्ले जळाले. १९२३ च्या लोझान करारान्वये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे आणि सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानकडे गेले. या अदलाबदलीने शब्दाचा प्रश्न मिटायला हवा होता. प्रत्यक्षात ग्रीसहून आलेल्या, कित्येकदा ग्रीकच बोलणाऱ्या मुसलमानांना नव्या शेजाऱ्यांनी 'अर्धे ग्यावुर', 'ग्यावुराचे बीज' म्हटले, आणि अनातोलियातून ग्रीसमध्ये गेलेल्या ख्रिस्त्यांना तेथील लोकांनी 'तुर्काचे बीज' म्हटले. शिवी रिकामी राहत नाही. जुना धनी गेला की ती नवा शोधते.

बायरनचा अनाम नायक

पाश्चात्त्य साहित्यात हा शब्द बायरनच्याही आधी आला. विल्यम बेकफर्डच्या १७८६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या 'वाथेक' या कादंबरीत 'जाऊर' हे एक विद्रूप, अमानुष पात्र आहे. गंमत म्हणजे ते स्वतःला हिंदुस्थानातील म्हणवते. मुसलमान खलिफाच्या दरबारात आलेला हा हिंदुस्थानी सैतानाचा दूत युरोपीय वाचकासाठी भीती आणि करमणूक एवढेच पुरवतो. शब्दाचा अर्थ तेथे जवळजवळ नाहीसा झाला आहे.

बायरनचे तसे नाही. १८१० व १८११ च्या प्रवासात अथेन्स व इस्तंबूल येथे त्याने हा शब्द प्रत्यक्ष ऐकला होता. हसन या सरदाराच्या जनानखान्यातील दासी लैला ही एका परकीयावर प्रेम करते, हसन तिला समुद्रात बुडवून मारतो, तो परकीय हसनला ठार करतो आणि अखेरीस एका मठात मरणाची वाट पाहतो, एवढेच कथानक आहे. पहिल्या आवृत्तीत सातशेहून थोड्या कमी ओळींची ही कविता त्याच वर्षात वाढत जाऊन १३३४ ओळींची झाली, तरी ती 'खंडित' म्हणूनच प्रसिद्ध होत राहिली. नायकाला नाव नाही. तो तरुण व्हेनिसवासी असल्याचे प्रास्ताविकावरून कळते, परंतु काव्यात त्याची ओळख एकच : ग्यावुर.

या निवडीचे मोल मान्य करायलाच हवे. कवितेचा बराच भाग एका मुसलमान कोळ्याच्या तोंडी आहे. घोड्यावरून वाऱ्यासारखा जाणारा हा परका त्याला दिसतो आणि तो मनोमन त्याचा तिरस्कार करतो. म्हणजे इंग्रज वाचकाला आपल्याच धर्माच्या माणसाकडे, त्याचा द्वेष करणाऱ्याच्या नजरेतून पाहावे लागते. नेपोलियनच्या युद्धकाळात, पौर्वात्यांविषयीच्या ठरीव कल्पनांच्या बाजारात, हे साधे काम नव्हते. पुढे मठातील कबुलीत नायक सांगतो की, लैलाने आपल्याशी प्रतारणा केली असती तर आपणही हसनने केले तेच केले असते. येथे 'श्रद्धावान' आणि 'ग्यावुर' यांच्यातील भिंत कोसळते. मठातही तो प्रार्थनेत सामील होत नाही. त्यामुळे मुसलमानांच्या लेखी तो जसा ग्यावुर, तसा ख्रिस्ती साधूंच्या लेखीही तो जवळजवळ तसाच ठरतो. बायरनने शिवीला दोन्ही बाजूंनी धार दिली, यात शंका नाही.

मात्र ही धार नायकाला लागत नाही. तो सशस्त्र आहे, साम्राज्याचा प्रजाजन नाही, जिझिया देत नाही. कोणी ग्यावुर म्हटले तर तो तलवार उपसू शकतो आणि उपसतोही. अशा माणसाला हा शब्द अपमान वाटत नाही, तो त्याच्या एकाकी भव्यतेचा झगा होतो. देलाक्रवाने १८२६ मध्ये जाऊर आणि हसन यांच्या द्वंद्वाचे चित्र काढले, त्यातही दोन तुल्यबळ स्वार समोरासमोर आहेत. प्रत्यक्षात ज्यांना हा शब्द रोज ऐकावा लागे, तो अथेन्सचा ग्रीक कारागीर किंवा इस्तंबूलचा आर्मेनियन हमाल, यांना तलवार बाळगण्याची मुभा नव्हती. कवितेच्या आरंभी बायरन ग्रीसच्या गुलामगिरीबद्दल दीर्घ शोक करतो. त्या शोकातील ग्रीक मात्र प्राचीन आहेत. समकालीन ग्रीक रयत त्याला अधःपतित वारस म्हणून दिसते, ग्यावुर म्हणून नव्हे. आणि लैला, जिच्यासाठी हे सारे घडते, तिला संपूर्ण काव्यात स्वतःचे असे बोलणे नाही. कवितेतील खरी असहाय व्यक्ती तीच आहे. ती मुकी राहिल्यामुळे ग्यावुराचे दुःख एवढे भव्य दिसू शकते, असे म्हटले तर ते बायरनवर अन्याय करणारे ठरू नये.

गल्लीचे नाव

मगर्दिच मार्गोस्यान यांचा जन्म १९३८ मध्ये दियारबकीरच्या हांचेपेक मोहल्ल्यात झाला. आर्मेनियन, सुर्यानी, कल्दानी, थोडे ज्यू आणि त्यांच्याबरोबर कुर्द व तुर्क अशी ही मिश्र वस्ती. शहर तिला 'ग्यावुर महालेसी' म्हणे. मातृभाषेतील शिक्षणासाठी त्यांना इस्तंबूलला पाठवण्यात आले. पुढे ते शिक्षक झाले, लेखक झाले आणि २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कथांत संहाराची वर्णने नाहीत, आरोपपत्र नाही. कारागीर, सुईण, थंडीची तयारी, लग्ने, बायकांची भांडणे, अर्धी आर्मेनियन अर्धी कुर्दी अशी बोली आहे. निर्वासनातून वाचलेल्यांची पिढी सर्वत्र वावरते, परंतु त्या विषयावर ती बोलत नाही. बायरनच्या कवितेत 'ग्यावुर' हा शब्द वीज चमकावी तसा येतो. मार्गोस्यान यांच्याकडे तो पत्त्यासारखा येतो. कोठे राहतोस, तर ग्यावुर महालेसीत. सवयीने गुळगुळीत झालेला हा शब्दच वाचकाला अस्वस्थ करतो, कारण तो ऐकणाऱ्या मुलाने शिवी म्हणून नव्हे तर भूगोल म्हणून शिकला आहे. काही समीक्षकांना या लेखनात केवळ स्मरणरंजन दिसले. विनोदी सूरामुळे तसे वाटणे शक्य आहे, पण ते वरवरचे वाचन होय. या विनोदात अंगावर वळ असलेल्या माणसाने हळूच कूस बदलावी तशी सावधगिरी आहे.

'तेस्पिह तानेलेरी' म्हणजे 'जपमाळेचे मणी' या २००६ मधील आत्मचरित्रात्मक पुस्तकात या शब्दाला आणखी एक वळण मिळते. दियारबकीरमध्ये ग्यावुर असलेली ही मुले इस्तंबूलच्या आर्मेनियन शाळेत गेली, तेव्हा तेथील आर्मेनियन मुलांनी त्यांना 'कुर्द' म्हणून चिडवले. एका शहरात धर्माने परकी आणि दुसऱ्या शहरात, स्वधर्मीयांतच, प्रांताने परकी. जेवदेत पाशांनी नोंदवलेल्या ग्रीकांच्या नाराजीची येथे आठवण व्हावी. हेटाळला गेलेला समाजही हेटाळणीची उतरंड आपल्यात जपतो आणि ते लिहिण्याचे धैर्य मार्गोस्यान यांच्याकडे आहे.

हा शब्द भूतकाळात जमा झालेला नाही. १९ जानेवारी २००७ रोजी 'आगोस' या तुर्की-आर्मेनियन साप्ताहिकाचे संपादक ह्रांत दिंक यांची इस्तंबूलमध्ये कार्यालयाबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. मारेकरी तरुण पळताना 'ग्यावुराला मारले' अशा अर्थाचे ओरडत गेल्याचे साक्षीदारांच्या हवाल्याने त्या वेळी प्रसिद्ध झाले. चार दिवसांनी अंत्ययात्रेत हजारो लोक 'आम्ही सारे ह्रांत दिंक, आम्ही सारे आर्मेनियन' असे फलक घेऊन चालले. त्या फलकांवर 'आम्ही सारे ग्यावुर' असे मात्र नव्हते. बहुसंख्याकाने तो शब्द अंगावर घेणे एक, आणि ज्याच्यावर तो फेकला गेला त्याने तो उचलणे वेगळे.

मार्गोस्यान यांनी तो उचलला. येथे त्यांच्या पुस्तकांच्या शीर्षकांकडे पाहणे आवश्यक ठरते. हांचेपेकच्या या कथा प्रथम १९८४ मध्ये आर्मेनियन भाषेत आल्या, तेव्हा पुस्तकाचे नाव 'मेर आयद गोघमेरे' असे होते. त्याचा अर्थ 'आपला तो मुलूख'. आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलताना त्या गल्लीला शिवीचे नाव देण्याची लेखकाला गरज भासली नाही. १९९२ मध्ये त्यांनी स्वतःच तुर्कीत लिहिलेले पुस्तक आले, तेव्हा मुखपृष्ठावर 'ग्यावुर महालेसी' हा शब्द होता. वाचक बदलला आणि तोच मुलूख त्या वाचकाच्या तोंडच्या नावाने त्याच्यासमोर ठेवला गेला. दुकानात जाऊन पुस्तक मागणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द उच्चारावा लागला, आणि तोही एका आर्मेनियन लेखकाच्या नावासह. तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या तुर्की पुस्तकाचे शीर्षक दियारबकीरच्या बोलीतील एक प्रश्न आहे : सांग मार्गोस, तू कुठला?